दोन बोटांची पट्टी

९ मार्च
पोहोचलो एकदाचा! डोंगराच्या कुशीत लाकडी खोपी, उबदार शेगडी आणि खिडकीसमोर उतारभर अकेशिया. हे काटेरी परदेशी झाड आमच्या लोकांना मधासाठी जीव की प्राण. त्यानं जुनं ओकचं रान गिळलं, ते मात्र एकालाही दिसत नाही. हे झाड मारायचं आणि ओक परत लावायचे, हे माझं काम. पेच शहरातल्या कॉलेजात दीड वर्ष मला वनशास्त्र पाजणाऱ्या मास्तरांनी उभ्या जन्मात कुऱ्हाड उचलली नसेल. सोडलं ते बरंच केलं. बोरोकाला तेवढं पटत नाही. निघताना म्हणाली, आंब्रुश, तू काही म्हणून पुरं करत नाहीस. कॉलेज नाही, पत्र नाही, धड भांडणसुद्धा नाही. ईस्टरच्या सोमवारी ती येईल, काम बघेल आणि लग्नाला हो की नाही ते कायमचं सांगेल. येऊ दे. आमच्याकडच्या ईस्टरच्या चालीप्रमाणे बादलीभर पाणी ओतीन तिच्यावर, पोरगी सुकू नये म्हणून!

१० मार्च
वेन्देलकाका इथला मुकादम. सत्तरीचा, अंगाला लसणाचा वास, तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्याची पद्धत अशी: दोन मुठींच्या सुरीनं खोडाची साल वीतभर रुंद गोल सोलायची, पण वेढा पुरा करायचा नाही, दोन बोटांची पट्टी ठेवायची. ती पुढच्या उन्हाळ्यात काढायची. का, म्हणून विचारलं, तर म्हणतो, पोरा, आपण मेलोय हे झाडाला कळता कामा नये. एकदम तोडलंस तर ते मुळांना निरोप धाडतं आणि रानभर कोंबांची पिलावळ उठते. मी हसलो. म्हणाला, हस बाबा, दात चांगले आहेत तुझे. वर प्रत्येक झाडापुढे टोपी काढतो, थेरडा!

२० मार्च
शंभर झाडं, शंभर अर्धवट वेढे. बोरोकाला काय दिसणार? माझंच आयुष्य, शंभरदा. काका गुडघा दाखवायला शहरात गेलाय. आज सगळ्या पट्ट्या काढल्या. शंभरच्या शंभर! हात सोलवटले, पण इतकं पुरं काम मी जन्मात केलं नव्हतं.

२४ मार्च
काका परतला. शिव्यांची वाट बघत होतो. त्यानं एकच झाड पाहिलं, काढलेली टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, सामान बांध, आजच खाली चल. ईस्टरपर्यंत हलणार नाही, म्हटलं. तर म्हणे, पोरीला गावात भेट रे, इथं नको. भेकड! एकटाच उतरून गेला.

२८ मार्च
कोंब उठलेत. अजून दंव पडतंय, बाकी रानात कळीसुद्धा नाही, आणि हे गुडघाभर. सगळे कापले. विचित्र एवढंच, की ते झाडांभोवती नव्हते. रांगेत होते. खोपीकडे तोंड करून.

१ एप्रिल
सकाळी कापतो, दुपारी पुन्हा तेवढेच. मी लावलेल्या ओकच्या रोपांना शिवतही नाहीत. वाकताना कमरेला काटा ओरखडला. ओरखडा गोल जातोय. रक्त नाही.

३ एप्रिल
ओरखडा आता वीतभर रुंद. कातडी सालीसारखी सुटते — कडा सरळ, सुबक. मला कधी जमली नाही अशी सफाई. दुखत नाही. पाय मात्र बधिर. उतरून गावात जावं तर —

५ एप्रिल
पाय उचलत नाहीत. दाराबाहेर माणूसभर उंच काटे. वेढा पाठीवरून फिरून पोटावर आला आणि थांबला. बेंबीपाशी पट्टी उरलीय. मोजली. दोन बोटं.
झाडांना पद्धत ठाऊक आहे. माझ्याहून शहाणी.

६ एप्रिल, सोमवार
भर दुपार. बोरोका खालून हाका मारतेय. येऊ नकोस म्हणून ओरडलो — ती हसली. पुरं केलंस का रे, विचारतेय —
कोंब हलले. तिच्याकडे नाही. दारातून आत —
बोरोका, परत जा. काकाला सांग, टोपी —
काटा टेकला. पट्टीवर. नको — एवढी राहू दे — अर्धवटच बरा आहे मी, अर्धव