बोटाने वाचायची पाटी

६ फेब्रुवारी

चि. शंकासुरास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे जेवूनखाऊन आहोत, हे आधीच लिहिते, नाहीतर पुढचं वाचेपर्यंत तू नखं खाशील.

तुझ्या बाबांचा उजवा डोळा गेलाच होता. आता डाव्यातही खिडकीचा उजेड आणि माणसाची सावली, एवढंच उरलंय. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन केलं तर कदाचित दिसेल, कदाचित आहे तेही जाईल. बाबा नको म्हणतात. ज्या गल्ल्यांमध्ये उमेदीची वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, तिथे आता चित्रकार आणि कॉफीवाले राहायला आलेत, असं त्यांनी रेडिओवर ऐकलं. आपली एकही पाटी उरली नसेल तर डोळे हवेत कशाला, असं विचारतात. मी म्हटलं, माझं तोंड बघायला. तर म्हणाले, ते पाठ आहे.

तू त्याच शहरात आहेस, तेव्हा सुटीच्या दिवशी तिकडे पायी फिरून ये. घड्याळाच्या मनोऱ्यापासून डावीकडे, बिजागऱ्यांचं दुकान, बेकरी, मग गोदामांची गल्ली, असा रस्ता त्यांनी सांगितलाय. एक जरी पाटी असेल तर ऑपरेशन करून घेतो आणि बघायला येतो, असा शब्द दिलाय. दिसेल तेच लिही, असंही बजावलंय. पत्र वाचून दाखवताना वाईट मजकूर मी गिळते, असा त्यांचा माझ्यावर आरोप आहे. गिळते. काय करू?

माया आहेच, ती वेळेवर जेवून वाढव.

तुझी आई

१६ फेब्रुवारी

ती. आई-बाबांना,

सा. न. वि. वि. काल सगळा दिवस चालले. पायांना फोड आलेत, पण ते महत्त्वाचं नाही.

बाबा, तुमचा रस्ता तसाच आहे, दुकानं तेवढी नाहीत. बिजागऱ्यांच्या दुकानात आता मातीचे कप मिळतात, तेही मुद्दाम वाकडे केलेले. एक मी सवयीने सरळ ठेवला, तर तिथल्या बाईंनी येऊन पुन्हा तिरका केला. बेकरीत रिकाम्या चौकटींचं प्रदर्शन होतं. मी विचारलं, चित्रं कधी लागणार. कळलं की लागली आहेत, हीच ती. गोदामाच्या भिंतीवर जमिनीपासून छपरापर्यंत एक मासा रंगवलाय. त्याच्याखाली कोळशाने येणाऱ्याजाणाऱ्यांची चित्रं काढणारा एक तरुण बसला होता. मी ओढणीने तोंड झाकून पुढे गेले.

पाट्या मात्र एकामागून एक गेलेल्या. कुठे नुसते खिळे, कुठे वरून पांढरा रंग. परत फिरायला वळले होते, तेवढ्यात एका अरुंद गल्लीत कॉफीच्या दुकानाच्या दारावर दिसली. ‘घड्याळे दुरुस्त करून मिळतील.’ कान्याच्या टोकाला तुमच्या डावखुऱ्या हाताची ती बारीक शेपटी. रंगाला भेगा पडल्यात, पण अक्षर हललेलं नाही. मी रस्त्यातच उभी राहिले. एक सायकलवाला काहीतरी लागट बोलून गेला. आत कॉफी आणून देणाऱ्या मुलीला विचारलं, ती म्हणाली, पाटी फार जुनी, याच भिंतीवरची. हात पोचण्याएवढी खाली नव्हती, नाहीतर तुम्ही शिकवलंत तसं बोट फिरवलं असतं. शाळेत जायच्या आधी वाळलेल्या पाट्यांवरून बोट फिरवूनच तर मी अक्षरं शिकले.

दिवसभर औषधांच्या खोक्यांवरची छपाई भिंगाने तपासते. बरोबर असलेल्या ओळीवरही शंका घेते, म्हणून ऑफिसात सगळे हसतात. या वेळी मात्र शंका आली नाही.

बाबा, ऑपरेशन करून घ्या. माझ्यावरची माया पाटीइतकी टिकावी.

तुमची शंकासूर

२० मार्च

चि. शंकासुरास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र त्यांनी माझ्याकडून इतकं वाचून घेतलं की सायकलवाल्यासकट मला पाठ झालं. दुसऱ्याच दिवशी स्वतः काठी घेऊन डॉक्टरांकडे निघाले. ऑपरेशन होईपर्यंत तुला कळवायचं नाही, असा त्यांचाच हट्ट. तू तिकडे उपाशी बसशील म्हणाले.

परवा पट्टी सोडली. काही दिसत नाही. खिडकीचा उजेड दिसत होता तोही गेला. डॉक्टर म्हणाले, असं होऊ शकतं हे आधीच सांगितलं होतं. सांगितलं होतं खरं.

ते रडले नाहीत. मी रडले, तर म्हणाले, आवाज करू नकोस, मला विचार करू दे. मग म्हणाले, डोळा गेला तरी बोट आहे. माझा रंग फळीवर उठून उभा राहतो, मी पाटी हाताने वाचीन. पोरीला सांग, शिडीची सोय कर. आपण होऊन जेवायला बसले. सदरा स्वतः चाचपून घडी करून पिशवीत ठेवला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी येतोय. सध्या हा माणूस त्या एका पाटीच्या आधाराने उभा आहे, एवढं ध्यानात ठेव.

आहोत तशांना जागा कर, घराबरोबर मनातही.

तुझी आई

२७ मार्च

ती. आईस,

सा. न. वि. वि. हे पत्र एकटीने वाच.

शिडीची सोय करायला गेले होते. दुकानाचा मालक भला माणूस. त्याने स्वतः शिडी आणून धरली. मी वर चढले आणि बोट फिरवलं. आई, काचेसारखं गुळगुळीत लागलं. भेगासुद्धा गुळगुळीत. तो खालून कौतुकाने सांगत होता की खरी फळी वाळवीने खाल्ली होती, दुरुस्तीच्या वेळी सुताराने टाकून दिली. त्याआधी या दुकानवाल्यांनी तिचा फोटो काढला आणि मोठा करून छापून घेतला. म्हणाला, अजून कुणाला ओळखता आलेलं नाही. मला तिथेच रडू फुटलं. खाली टेबलांवर बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. हाही एखादा कलाप्रयोग असावा, असं त्यांना वाटलं.

मी छपाई ओळखायचा पगार घेते. आणि माझ्या पत्रावर विसंबून बाबांनी उरलेला उजेड दिला.

त्या फोटोवर आपणच जाड रंग भरून ठेवावा, असंही मनात आलं. मालक नाही म्हणाला नसता. पण बाबांच्या बोटाला माझा हात कळेल. आणि समजा नाही कळला, तर पुढे आयुष्यभर मी त्यांच्याशी काय बोलू?

तू हे गिळशील हे मला ठाऊक आहे. म्हणून सोबत एक जाड पुठ्ठा पाठवते आहे. मी इकडे आणलेल्या त्यांच्याच जुन्या ब्रशने, थरावर थर देऊन रंगवलाय. ‘बाबा, पाटी नाही. फोटो आहे.’ एवढंच. तू वाचू नकोस, त्यांच्या हातात दे.

माया उरली तर कळव. नाही उरली तरी कळव.

शंकासूर

२५ एप्रिल

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. पुठ्ठा मी आधी लपवला. धान्याच्या डब्यामागे ठेवला होता. पण त्यांनी पिशवी दाराशी आणून ठेवली, तेव्हा काढून दिला.

रंगाचा वास ओळखून ते हसले. तुला त्या पाटीचा तुकडा मिळाला असं वाटलं त्यांना. मी स्वयंपाकघरात गेले. मग हाक मारून म्हणाले, पिशवी रिकामी कर. सदरा मी कपाटात ठेवला. तुझ्यावर रागावलात का, असं विचारलं, तर म्हणाले, कान्याला शेपटी नीट आलेली नाही, हात कापला असणार तिचा. त्यानंतर त्या विषयावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या कुठल्या विषयावरही नाही.

भरवलं तर जेवतात. दिवसभर पुठ्ठा मांडीवर असतो. सगळी ओळ आता वाचत नाहीत, बोट एकाच जागी फिरत राहतं. ‘नाही’वरचा रंग झिजत आलाय.

तू लिहीत राहा. माझी माया आहे तिथेच आहे. पण पत्र आलं की आधी कसे वाच वाच म्हणून मागे लागायचे, तसं आता विचारत नाहीत. मी एकटीच वाचते, आणि काहीच गाळत नाही.

तुझी आई