घोड्याची झाली मेंढी

चैत्र, शनिवार. दिवेलागण.

हात ठणकतोय, तरी मन खुशीत आहे. गोंदायला जाताना चित्र आपलं आपणच न्यावं, हे मला अजूनही बराबर वाटतं. गोंदणारीण सगळ्यांना तोच विंचू न् तीच तुळस काढते. मला गावात वसुलीला येणाऱ्या अमीनसाहेबाच्या घोड्यासारखा घोडा पाहिजे होता. म्हणून सकाळीच कोळशानं हातावर काढला आणि हसनाबादेहून भोकरदनच्या बाजाराला निघालो. वाटेत माकडाचा खेळ लागला. बघत उन्हात किती वेळ थांबलो कोण जाणे. घामानं चित्र फिसकटलं.

गोंदणारीण मावशी म्हणाली, "मेंढी लई गोड काढलीस रे!"

"मावशी, घोडा हाय तो!"

"मंग पाय कुठं गेले त्याचे? पळून?" भोवतीच्या बाया हसल्या. "जल्दी सांग बाबा. एकदा टोचलं की जन्मभर जात न्हाई."

जन्मभर! मी हाताकडं बघत राहिलो. फुगलेलं पोट, एकच कान. बिलकुल आमची कानतुटी मेंढी. लहानपणी तिच्यामागं माळ तुडवला, फिरायची खोड मला तिथूनच लागली.

"टोच मावशी. मेंढीच टोच."

घरी आईनं हळद लावायला हात धरला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "अगं बाई, ही तर कानतुटी!" त्या एका कानावरून बोट फिरवत राहिली. "कुठंबी चरायला गेली तरी सांजच्याला घरी यायची. तूबी येत जा की रे."

आज तरी दिवा लागायच्या आत आलोय.