डोणगावचा वाख

डोणगाव, ता. मेहकर
मार्गशीर्ष, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, सन १९७३

वाख पाहिजे होता तर स्वतः यायचं होतं. दिवाळीले आला नाही, पंजाबरावच्या पोरीच्या साखरपुड्याले आला नाही, अन् वाखासाठी भलताच पोट्टा धाडून दिला. आजीले तोंड दाखवायले तुले मोटार मिळत नाही, वाख न्यायले बरा माणूस मिळते. हे आधी लिहून टाकलं, म्हणजे आशीर्वादाच्या गोडीत राहून जायले नको.

आता चि. शेषरावास गोजरबाई आजीचे आशीर्वाद. वि. वि. घरी सगळे ठीक. हे पत्र माह्याच हातचं आहे. तुह्या पंजाबकाकाले लिहायले बसवलं तर तो माह्या शिव्या गाळते अन् पत्र पचपचीत होते. प्रौढांच्या वर्गात जेवढं आलं तेवढ्यात भागवून घे.

तू कार्डात लिहिलं होतं की आपल्या शेताच्या धुऱ्यावरच्या अंबाडीचा वाख जसा निघेल तसा धाड, त्याच्यापासून घरावरचा पत्रा करून पाहायचा आहे. पंजाबराव अंबाडी डोहात भिजत टाकून विसरला. सालीचा वाख निघाला तो काळपट, मेलेल्या म्हाताऱ्याच्या केसासारखा. तसला वाख मुंबईच्या साहेबाच्या टेबलावर ठेवायचा म्हणजे आपल्या घराची लाज. म्हणून मी तो धुतला, वाळवला, करडीच्या तेलाचा हात फिरवला, फणीनं विंचरला अन् फडक्यानं पुसून घेतला. पाहुणे पाहायले येणार त्या दिवशी पोरीले नटवतात तसा नटवला. असा चकचकीत झाला की पंजाबराव म्हणे, माय, हा दोराले नाही, अंबाड्याले वापर.

न्यायले आला त्या पोट्ट्याचं नाव दयाराम. देऊळगाव राजाचा, केसरबाईचा लेक. म्हणे शेषरावभाऊच्याच हाताखाली शिकतो. पुढचं मी इचारलं नाही, समजायचं ते समजलं. चहा ओट्यावर दिला. कप निराळा होता, ते त्याच्या ध्यानात आलं असंल. वाख बोटात चोळून पाहिला अन् मले इचारते, आजी, याले काही लावलं तर नाही ना? मले राग आला. माह्या ओट्यावर बसून मलेच इचारते! म्हटलं, काही लावलं नाही, उचल अन् चालू लाग. तुले म्हणून खरं लिहिलं.

तू नेमकं काय करतं ते एकदा समजून सांग. गावात कोणी इचारलं तर तो इमानं करते म्हणून मी ठोकून देते, अन् मंग तोंड लपवून फिरते.

माया आहे तेवढी आहे, ती पत्रानं वाढत नाही, येण्यानं वाढते.

गोजरबाई

———

मुंबई, ता. १४ जानेवारी १९७४

ती. गं. भा. आजीच्या चरणी शेषरावचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर फोडलं. साखरपुड्यावरून घातलेल्या शिव्या वाचून एवढं हसू आलं की बाकीचं खोलीवर सावकाश वाचू म्हणून ट्रंकेत ठेवून दिलं. ते राहूनच गेलं, रागावू नकोस. मी काय करतो हा प्रश्न तेवढा पुढे दिसला होता, त्याचं उत्तर देतो.

आपली कणगी आठव. नुसत्या तुरीच्या काड्यांची केली तर दाणे गळतील, नुसत्या मातीची केली तर फुटेल. दोन्ही मिळून धान्य धरतात. तसाच आमचा पत्रा. आत तुझ्या वाखाचे धागे आणि भोवती राळ, डिंकासारखी चिकटून वाळणारी. ताण वाख घेतो, पण राळेनं त्याला घट्ट धरलं तरच. हे दोघं एकमेकांना किती धरतात, कधी सोडतात, हे मोजणं म्हणजे माझी पीएच.डी. तेव्हा विमान म्हणू नकोस, छप्पर म्हण.

आता महत्त्वाचं. माझा प्रबंध सादर झाला. माझ्या मार्गदर्शक सरांकडे पीएच.डी.नंतरच्या संशोधकाची एक जागा आहे. फेब्रुवारीत बाहेरची समिती येईल, तिच्यापुढे पत्र्याची चाचणी होईल आणि जागेचं ठरेल. ती न मिळाली तर मला हात हलवत गावी यावं लागेल. दयारामचंही त्याच दिवशी ठरणार. त्याची पीएच.डी.ची फेलोशिप पहिलं वर्ष तात्पुरती असते, समितीनं मान हलवली तर पुढे चालू.

तो फार चिकित्सक आहे. वाख एकदा सोड्याच्या पाण्यातून काढू म्हणून मागे लागला होता. मी म्हटलं, आजीच्या हातचा वाख आहे, आणि वेळ कुठे आहे? तसाच घातला. पत्रे छान दिसतायत.

पंजाबकाकांना नमस्कार. तुझा राग माझ्यावर असाच राहू दे, त्यावरच मी टिकून आहे.

शेषराव

———

मुंबई, ता. २६ फेब्रुवारी १९७४

ती. गं. भा. आजीस शेषरावचा नमस्कार. वि. वि.

बातमी चांगली आहे. मला जागा मिळाली. पंजाबकाकांना सांग, पेढे वाट.

चाचणी मात्र वाईट झाली. पत्रा यंत्रात धरला, वाकवायला सुरुवात केली आणि त्यानं फार लवकर मान टाकली. वाख तुटलाच नाही, तो राळेतून सरळ बाहेर निसटला. लोण्यातून सुरी निघावी तसा स्वच्छ. समितीसमोर सरांचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, राळ कुणी कालवली? मी म्हणालो, दयारामनं. ते खरंच होतं. मग सरांनी विचारलं, प्रमाण चुकलं असेल का? मी म्हणालो, असू शकेल. दयाराम माझ्याकडे बघत उभा होता. सरांना वाटलं, गप्प आहे म्हणजे कबूल आहे. दोन दिवसांनी आमचे दोघांचे निर्णय झाले. माझा प्रबंध चांगला असल्यानं माझ्यावर काही आलं नाही. त्याची फेलोशिप मात्र थांबली. तो देऊळगावला गेला. मी स्टेशनवर जाणार होतो, पण काम निघालं.

हुशार आहे, कुठे तरी लागेल.

बाकी ठीक. वाख कसा तयार केलास ते गावात कुणी विचारलं तर बोलत बसू नकोस.

आशीर्वाद असू दे.

शेषराव

———

डोणगाव
धुळवडीच्या दिवशी

शेषराव, पेढे वाटले नाहीत. आशीर्वाद मागाहून.

तेल सांडलं त्या भुईवर सारवण धरत नाही. हे मले परकर घालत होती तवापासून ठाऊक आहे. तुह्या पत्रात वाख निसटल्याचं वाचलं अन् माह्या हाताले करडीच्या तेलाचा वास आला, एवढ्या महिन्यांनी. तुह्या राळेचं वाटोळं मी केलं. साहेबापुढं घराची शोभा दाखवायले गेली अन् दुसऱ्याच्या घरातला दिवा फुंकला. त्या पोट्ट्यानं सरळ इचारलं होतं, मी सरळ खोटं बोलली. त्याच्या जागी पाटलाचा पोरगा राह्यला असता तर खोटं बोलली नसती, हेही लिहून ठेवते, म्हणजे मलेच मंग वाचता येईन.

ही माही लाज झाली. आता तुही.

पत्र पंजाबरावले वाचून दाखवत होती, तर शेवटाकडच्या एका ओळीवर जीभ अडकली. वाख कसा केला ते कोणाले सांगू नको म्हणतं. काऊन बे? राळ दयारामनं बिघडवली असंल, तर माह्या वाखाशी तुले काय घेणं? म्हणजे माह्यं ते पत्र तू वाचलं. कवा वाचलं तेवढं सांग.

पंजाबराव म्हणे, माय, जाऊ दे, पोराले नोकरी लागली. मी त्याले गोठ्यात धाडून दिलं.

उद्या सरापुढं उभा राह्य अन् सांग की माह्या आजीनं तेल लावलं होतं, अन् त्या पोट्ट्यानं सोड्यात धुवायले सांगितलं तर मी ऐकलं नाही. बुढीची नालस्ती होईन म्हणून अडू नको. माह्या नावावर धूळ पडली तर मी झटकून घेईन, मले सवय आहे.

हे झालं की आशीर्वाद घे.

गोजरबाई

———

मुंबई, ता. १७ मार्च १९७४

ती. गं. भा. आजीस साष्टांग नमस्कार.

तुझ्यापासून काही लपत नाही. चाचणी झाली त्या दिवशी खोलीवर आलो आणि ट्रंकेतलं पत्र काढून उरलेलं वाचलं. सरांना उत्तर दिलं तेव्हा मला तेलाचं माहीत नव्हतं, हे शपथेवर सांगतो. पण निर्णय व्हायला अजून दोन दिवस होते. त्या दोन्ही दिवशी सरांच्या दारापर्यंत गेलो आणि पाणी पिऊन परत आलो.

आता सांगितलं तर जागा मद्रासच्या एका उमेदवाराला जाईल. तो रांगेतच आहे. नेमणुकीचा कागद अजून हाती आला नाही. तो आला, जरा बस्तान बसलं, की सरांना योग्य वेळ पाहून सांगीन आणि दयारामसाठी शब्दही टाकीन. त्याला मी पत्र लिहायला घेतलं होतं, मायन्याच्या पुढे गेलं नाही.

तू सांगतेस ते बरोबर आहे. आरशात बघून दाढी करवत नाही. पण थोडा वेळ दे.

तुझा
शेषराव

———

डोणगाव
चैत्र, पाडवा झाल्यावर

चि. शेषरावास गोजरबाईचं सांगणं.

तुले वेळ पाहिजे होता, तेवढ्यात मी देऊळगाव राजाले जाऊन आली. पंजाबराव सोबत होता. त्याले बालाजीचं दर्शन म्हणून नेलं, दर्शन राह्यलं. इचारत इचारत केसरबाईचं घर गाठलं. दयाराम दारातच होता, शाळेतल्या पोरांचं गणित घेत. मले पाहून उठला, पाया पडू लागला. मी म्हटलं, थांब, आधी ऐक, मंग पडावंसं वाटलं तर पड.

त्याले अन् त्याच्या मायले सगळं सांगितलं. तेलाचं, खोट्याचं, तुह्या दोन दिवसांचंही. केसरबाई सूप घेऊन बसली होती, ते तिनं बाजूले ठेवलं. दयाराम म्हणे, आजी, मले तवाच शंका होती. राळ गरम झाल्यावर वाखाले तेलाचा वास आला होता. मी म्हटलं, मंग बोलला काऊन नाही त्या समितीपुढं? तर म्हणते, तुम्ही ओट्यावर नाही म्हणाल्या होत्या. मी तिथं काय सांगू, शेषरावभाऊची आजी खोटं बोलते म्हणून? माह्या शब्दावर कोण गेलं असतं? वाटलं, भाऊ बोलेल.

वाटलं, भाऊ बोलेल. हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे. तुह्या आरशावर चिकटव.

केसरबाईनं चहा केला. कप सगळ्यायले एकसारखेच होते. मी तो हातात धरून बसली. निवला तरी तोंडाले लावता येईना. माह्या ओट्यावरचा कप डोळ्यापुढून हटत नव्हता. मंग प्याली. तिनं आणखी इचारलं, मी आणखी घेतला. ती मले एक शब्दही टाकून बोलली नाही. बोलली असती तर मले घरी परत येणं सोपं गेलं असतं.

दयाराम तुह्यावर रागावला आहे का हे मी इचारलं नाही, अन् तूही मले इचारू नको. ते त्याच्या घरचं आहे.

सराचा पत्ता त्यानं दिला. मी सरळ सराले लिहिणार होती. पाकीटही आणलं होतं. मंग हात आवरला. मी लिहिलं तर सर म्हणतीन, बुढी भोळी, पोरगा बिचारा, अन् तू आणखी एकदा पाणी पिऊन परत येशील. माह्या तोंडानं तुले सोडवायचं नाही. जागा मद्रासवाल्याले गेली तर जाऊ दे. इकडं धुऱ्यावर अंबाडी आहे, पेरायले माणूस पाहिजेच. दयारामच्या गणिताचं मात्र इकडं कोणाले काही घेणं नाही, त्याले तिकडंच राह्यलं पाहिजे.

या खेपेचा वाख मी स्वतः डोहातून काढला. धुतला, वाळवला, अन् हात काढून घेतला. काळपट आहे, असू दे. तो केसरबाईच्या घरी ठेवून आली. मुंबईहून बोलावणं आलं की दयाराम घेऊन येईन. बोलावणं आलं नाही तर केसरबाई त्याचे दोर वळीन.

माही माया आटली नाही. तुह्यापर्यंत यायची वाट तूच बंद केली आहे, ती तूच मोकळी कर.

गोजरबाई

ता. क. याचं उत्तर तू द्यायचं नाही. दयारामनं द्यायचं, त्याच्या हातानं, तुमच्या संस्थेच्या पत्त्यावरून. तुह्या अक्षरातलं पाकीट आलं तर न फोडता पोस्टमनच्या हाती वापस देईन.