मिटिंगमध्ये नाव कोण घेणार

वणी,
४ ऑगस्ट २०२४

ती. कांताआत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. आमच्या कोळसा खाणीत डंपर दुरुस्तीचं नवं वर्कशॉप होतंय. त्याचं इन्चार्ज कोण, हे पंधरवड्यात साहेबलोकांच्या मिटिंगमध्ये ठरणार. मला ती जागा हवी आहे, आत्या. पण मिटिंगमध्ये मी नसणार आणि माझं नाव घेणारंही कोणी नाही. माझ्याबरोबरच्या अमरलाही ती जागा हवी आहे, आणि तो मोठ्या साहेबांसोबत रोज डबा खातो. मिटिंगला बसणाऱ्या धुर्वे मॅडम भल्या आहेत, पण आमची ओळख 'गुड मॉर्निंग'च्या पुढे गेलेली नाही. आई म्हणते, त्यांच्या घरी पेढे घेऊन जा. तू काय म्हणतेस?

तुझी
मैत्रेयी


राळेगाव,
८ ऑगस्ट

चि. मैत्रेयीस अनेक आशीर्वाद.

पेढे कायले? अजून जागा भेटली नाही तं तोंड गोड कशाचं?

मीनं साऱ्या तालुक्यात सोयरिकी जमवल्या, तुह्या माय-बापाची बी. पोरीनं स्वतःची तारीफ केली तं लोक आगाऊ म्हणतात, मायनं केली तं कोणी ऐकत नाही. मधलं माणूस लागते. पण मी बी पोरगी पाह्यल्याबिगर शब्द टाकत नाही. उद्या बिघडलं तं लोक मलेच धरतात. तुह्या मॅडमनं तुले काम करताना कधी पाह्यलं काय? मंग आधी तिले दाखव. मंग सरळ म्हणजो, मिटिंगमधी माहं नाव घ्या. अन् आपला एक दोष आपणच सांगजो. मी पोरीचा दोष पहिले सांगत असतो, म्हणजे पुढचे गुण लोकाइले खरे वाटतात.

उपाशी राहू नको, आत्याले इसरू नको.

कांताबाई


वणी,
२१ ऑगस्ट

ती. आत्यास सप्रेम जयभीम.

मॅडमना माझं काम दाखवायला नेलं. कोणाच्यानं चालू न झालेला एक डंपर मी उघडला होता. त्याच्याखाली त्या माझ्यासोबत वाकून बसल्या, साडीला ऑइल लागलं तरी. डंपर चालू झाल्यावर मी दोष सांगितला, की मी उलट बोलते. त्या म्हणाल्या, तसं वाटत नाही. मी म्हटलं, तुम्हाला माहीत नाही. त्या म्हणाल्या, स्वतःला उगीच कमी लेखू नका. त्यावर मी त्यांच्याशी चांगला वाद घातला. शेवटी त्यांना पटलं. मग सरळ म्हटलं, मिटिंगमध्ये माझं नाव घ्या.

काल मिटिंग झाली. चहा घेऊन आत गेलेल्या रोशनभाऊंनी सगळं सांगितलं. मॅडम आधी म्हणाल्या, मुलगी फटकळ आहे, मी अनुभव घेतलाय. साहेब हसले. मग म्हणाल्या, तो डंपर तिनं चालू केला, मी खाली बसून पाहिलंय. साहेबांनी विचारलं, वर्कशॉप तिला जमलं नाही तर? मॅडम म्हणाल्या, तर जाब मला विचारा.

सहा महिन्यांसाठी मला दिलंय. पण आत्या, त्या 'मला विचारा'नं माझी झोप उडाली आहे. अमर आजपासून मॅडमसोबत डबा खातोय.

तुझी
मैत्रेयी


राळेगाव,
२६ ऑगस्ट

चि. मैत्रेयीस अनेक आशीर्वाद.

तुह्या बाबाले पत्र वाचून दाखवलं. रडला, अन् म्हणते डोळ्यात कचरा गेला.

झोप उडाली हे चांगलंच झालं. ज्यानं आपल्यासाठी शब्द टाकला, त्याच्यापायी इतकं तं वाटलंच पायजे. अमरले डबा खाऊ दे, त्यानं तुहं काय जाते? एक ध्यानात ठेवजो. वर्कशॉपमधी काही बिघडलं तं मॅडमले दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नको, पहिले तूच जाऊन सांगजो. मी जमवलेल्या जोडप्याइचं भांडण झालं का मलेच बोलावणं येते. मी शिव्या देत एसटीत बसतो. पण जातो. तुह्या मॅडम बी येतीन.

माया आहे तशीच राहू दे.

तुही आत्या
कांताबाई