न मोजलेले तीन दिवस

आई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. डोंबिवलीचं ते दोन खोल्यांचं घरही आता आमच्याकडे नाही. सासू म्हणून तुम्ही मला कधी जाच केला नाहीत, म्हणूनच हे लिहिणं जड जातंय.

आपल्याकडे टीव्ही आला त्या वर्षीची गोष्ट. लग्नाला पाच वर्षं झाली होती. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मूल राहावं म्हणून गोळ्या दिल्या. पाळीच्या पाचव्या दिवसापासून रोज एक, पाच दिवस. तुम्ही त्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवल्यात. बाहेर बसलेली असताना मी तिथे जायची नाही, म्हणून दिवस मोजायचं कामही तुमच्याकडे आलं. चौथ्या दिवशी मी न्हायले की तो तुमचा पहिला दिवस. आधीचे तीन तुम्ही धरतच नव्हता. मीही विचारलं नाही. मी बी. ए. झालेली.

सहा महिने असे गेले. मग आपण दोघी बाईंसमोर बसलो आहोत. त्या विचारतात, "पहिला दिवस कुठला धरता?"

"न्हाणं झालं की. सोवळ्यात देते हो मी, एकदा चुकवलं नाही."

त्या पेन खाली ठेवतात. "अहो आजी, रक्त दिसलं तो पहिला दिवस. तीन दिवस उशीर झाला दर वेळी." मग माझ्याकडे बघून, "आता नुसत्या गोळ्या घेत बसायचं नाही. आधी मिस्टरांची तपासणी, मग तुमच्या नळ्यांचा फोटो."

परतताना रिक्षात मी म्हणाले, "तुमच्या सोवळ्यानं माझे सहा महिने घालवले." पुढच्या पाळीला मी दाराबाहेर बसले, तर तुम्ही म्हणालात, "ये गं आत. देवाला कळतं."

तुमचा मुलगा मुकाट्यानं तपासणीला गेला. त्याच्यात दोष नव्हता. माझ्या फोटोत दोन्ही नळ्या बंद निघाल्या. बाई म्हणाल्या, "गोळ्या वेळेवर घेतल्या असत्या तरी उपयोग नव्हता." मुंबईला ऑपरेशन होत होतं, पण आशा थोडी. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघांनी नको ठरवलं. घरी आलो तर तुम्ही दारातच उभ्या होतात. "काय म्हणाल्या?"

"स्पष्ट काही सांगत नाहीत," मी म्हणाले.

ठाकुर्लीच्या तुमच्या जाऊबाई आल्या. "काय गं, पाळणा कधी हलायचा?" त्यांनी मला विचारलं. तुम्हीच मध्ये पडलात. "तिला बोलू नकोस. गोळ्यांचे दिवस मी चुकवले. पाप माझं." मी चहा गाळत होते. ऐकलं, आणि कप घेऊन बाहेर आले. तुम्ही जाईपर्यंत येईल त्याला तुम्ही हेच सांगत राहिलात.

एका वाक्यात मी तुम्हाला सोडवू शकले असते. पण मग सगळे माझ्याकडे बघायला लागले असते. तुमच्या शेवटच्या दुखण्यात ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, असं लिहिणार होते. पण हे पत्र कुठेच जायचं नाही, तेव्हा खरं लिहिते. त्या दिवसांत मला ते आठवलंसुद्धा नाही.