लाँड्रीच्या मॅनेजरसाहेबांची बदली होऊ न देण्याबाबत

प्रति,
मा. कामगार अधिकारी,
कामगार तक्रार निवारण कार्यालय.

विषय : चादर घडी विभागातील कामाचे तास, ताणमुक्ती शिबिरात घडलेला प्रकार, आणि मॅनेजरसाहेबांना आहे त्याच जागी ठेवण्याची विनंती.

संदर्भ : कंपनीने आपणांस पाठवलेला खुलासा, मला मिळालेली निलंबनाची नोटीस, तडजोडीच्या प्रस्तावाची आपण मला दिलेली प्रत.

महोदय,

१. मी हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुणाऱ्या कंपनीत घडी विभागात कामाला आहे, सध्या निलंबित. ज्या कामगार बाईंच्या बाबतीत हा प्रकार घडला, त्यांचा उल्लेख ‘सदर कामगार’ असा करावा, असे आपल्या कार्यालयातील क्लार्कनी मला सुचवले. त्यांचा मान राखून कळवते की, ती माझ्या थोरल्या भावाची बायको आहे. मला या कामाला तिनेच लावले. मी तिला वहिनीच लिहिणार.

आमचे काम आपण पाहिलेले नसावे. इस्त्रीच्या मोठ्या रुळातून चादर तापलेली बाहेर येते. एकीने इकडची टोके धरायची, दुसरीने तिकडची, चालत एकमेकींजवळ यायचे, टोकाला टोक भिडवायचे आणि मागे सरायचे. मी आणि वहिनी जोडीने हे काम करत होतो. तिचा हात इतका सरळ की तिने घातलेली घडी मुकादम उलटून बघत नसे. हॉलमध्ये वाफ कोंडलेली असते. पंखे आहेत, पण चादरी उडतात म्हणून ते बंद ठेवतात.

२. सुटण्याची वेळ पाटीवर पाच लिहिली आहे. ही पाटी आपले निरीक्षक आले होते तेव्हा पुसून लख्ख केली होती, हे मान्य करते. परंतु बाहेर जाण्याचे शटर साहेबांच्या हुकमाशिवाय वर जात नाही, आणि साहेबांचा हुकूम शेवटची गाडी भरल्याशिवाय निघत नाही. “आजच्या दिवस जरा ताणून धरा,” असे ते म्हणत. आजचा दिवस रोज उगवत असे. आम्ही त्यांना आपसांत शांतिसागर म्हणतो, कारण कुणीही काहीही बोलायला गेले की ते हात वर करून “शांत व्हा, आधी शांत व्हा” एवढेच म्हणतात. शांत झालेल्या बाईचे मग ऐकायची गरज उरत नाही.

वहिनीला रक्तदाबाचा त्रास सुरू झाला होता. गोळ्या बदलून घ्यायला डॉक्टरांकडे जायचे तर त्यांचा दवाखाना संध्याकाळी आमच्या शटरच्या आधी बंद होतो. तिने साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितले, मी दारात उभी होते.

“साहेब, आज वेळेवर सोडा. डोकं नुसतं ठणकतंय, डोळ्यापुढं काजवे चमकतात.”

“ताई, याला ताण म्हणतात,” साहेब म्हणाले. “कंपनीला तुमची काळजी आहे. ताणावरच आपण मोठा कार्यक्रम आणतोय. तुम्ही पहिल्या रांगेत बसा.”

३. तो मोठा कार्यक्रम म्हणजे ताणमुक्ती शिबिर. ते पाच वाजल्यानंतर होते. हजेरी सक्तीची होती, आणि शिबिरात गेलेला वेळ भरून काढण्यासाठी पुन्हा रुळावर जायचे होते. कामाचा ताण घालवायला कामाचे तास वाढवणारी आमची कंपनी पहिलीच असावी, तरी याची नोंद घ्यावी.

ट्रॉल्या भिंतीला सारून खुर्च्या मांडल्या. शिबिरवाले सर पांढऱ्या कपड्यांत आले आणि आम्हाला डोळे मिटायला सांगून एका तळ्याकाठी घेऊन गेले. पाणी संथ आहे, वारा मंद आहे, वगैरे. मागे रूळ धडधडत होता. काही वेळाने ते म्हणाले, आता हळूहळू डोळे उघडा. आम्ही उघडले. वहिनीने उघडले नाहीत.

“बघा, या ताईंना जमलं!” सर म्हणाले. “यांच्यासाठी टाळ्या!”

टाळ्या झाल्या. त्यात माझेही हात होते. त्याचे काय करायचे ते माझे मी बघेन. या अर्जात फक्त साहेबांचे बघायचे आहे. साहेबांनी मोबाइल काढून तिचा फोटो घेतला. मग तिची मान एका बाजूला कलली आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळू लागली. मी उठून “वहिनी, ए वहिनी” केले, तर साहेबांनी माझा खांदा दाबून मला खाली बसवले.

“हाक मारू नका, तंद्री मोडेल.”

तंद्री मोडू नये म्हणून किती वेळ गेला, ते डॉक्टरांच्या दाखल्यात आहे. शेवटी मीच त्यांचा हात झटकला. रुग्णवाहिकेला उशीर होईल, म्हणून मालाची गाडी काढली. गाडी धुतलेल्या चादरींनी भरलेली होती. माल उतरवायला साहेब तयार होईनात. त्यांनी न धुतलेल्या चादरींचा ढीग मागवला, तो घड्यांवर पसरायला लावला आणि त्यावर वहिनीला ठेवायला सांगितले, कारण स्वच्छ माल खराब झाला असता. महोदय, मी त्या घाणेरड्या चादरींवर तिचे डोके मांडीत घेऊन बसले होते. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही, आणि तो जाऊ नये असाच माझा प्रयत्न आहे.

४. वहिनीची उजवी बाजू गेली. वाचा गेली. आता शब्द एकेक करून परत येत आहेत. माझा भाऊ तिला भरवतो, वेणी घालतो. वेणी वाकडी होते. वहिनी डाव्या हाताने ती सोडते आणि त्याला पुन्हा घालायला लावते.

इकडे कंपनीने तो फोटो मोठा करून फाटकावर लावला. खाली ओळ : “ताण? छे! आम्ही निवांत!” रोज सकाळी आम्ही त्याखालून आत जात होतो.

आणि आपणांस पाठवलेल्या खुलाशात कंपनी म्हणते की, हा झटका ‘घरगुती तणावामुळे, विशेषतः नणंदेशी असलेल्या संबंधांमुळे’ आला असावा. ती नणंद मी. आमचे भांडण होते, हे मी नाकारत नाही. मी ओला टॉवेल पलंगावर टाकते म्हणून ती मला फाडून खायची, ती भाजीत मीठ कमी घालायची म्हणून मी तोंड वाकडे करायची. घरातला तणाव एवढाच. तो मोजायला साहेबांनी खुशाल यावे. ज्यांच्या हाताखाली ती पडली, त्यांनी ते माझ्या माथी मारावे, हे वाचले तेव्हा माझ्या मनात त्यांच्याबद्दल जी काही दया शिल्लक होती तीही संपली.

५. आता नोटिशीतील ‘बेकायदा संपा’विषयी. संप झाला नाही. साहेबांनी जे सांगितले तेच आम्ही केले.

दुसरे शिबिर ठेवले तेव्हा कंपनीला काम देणाऱ्या एका मोठ्या हॉटेलचे अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. साहेबांना त्यांना आनंदी कामगार दाखवायचे होते, म्हणून या वेळी शिबिर भर दुपारी झाले. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या जणी बोललो होतो, हे मी लपवत नाही. सर आम्हाला तळ्यावर घेऊन गेले. आम्ही निमूट गेलो. मग ते म्हणाले, डोळे उघडा. कुणी उघडले नाहीत.

सरांनी पुन्हा सांगितले. पुन्हा. मग साहेबांच्या बुटांचा आवाज रांगांमधून फिरू लागला. “ताई, झालं आता. अहो मावशी, उघडा ना.” रूळ रिकामा फिरत होता. पाहुण्यांपैकी एका बाईने विचारले, “या सगळ्या बऱ्या आहेत ना?” मागे कुणाला तरी हसू आवरेना, तिने ते खोकल्यात लपवले. अखेर बूट माझ्यासमोर थांबले.

“तुम्ही सांगा यांना,” साहेब हळूच म्हणाले. “मी हात जोडतो.”

मी डोळे न उघडता म्हणाले, “हाक मारू नका, साहेब. तंद्री मोडेल.”

ते माझ्याशेजारच्या खुर्चीत मटकन बसले. ती खुर्ची आम्ही वहिनीसाठी रिकामी ठेवली होती. पाहुण्यांनी फाटकावरच्या फोटोतली बाई कुठे आहे, असे विचारले, तेव्हा आम्ही डोळे उघडले आणि सगळ्या एकदम बोललो. पाहुण्यांनी काम दुसरीकडे दिले असे कळते. फोटो त्याच दिवशी उतरला. मला नोटीस मिळाली. महोदय, मला पश्चात्ताप झालेला नाही. तो व्हावा अशी अपेक्षा असल्यास तसे लेखी कळवावे, मी लेखी नकार देईन.

६. त्यानंतर साहेब तडजोडीचा कागद आणि फळांची टोपली घेऊन घरी आले. मला परत कामावर घेतील, आणि त्यांची स्वतःची दुसऱ्या गावच्या शाखेत बदली होईल, म्हणजे सगळ्यांनाच बरे, असा तो प्रस्ताव आहे. “झालं गेलं विसरून जाऊ,” असे ते वहिनीकडे न पाहता म्हणाले. वहिनीने काहीतरी बोलायला तोंड उघडले. तिचा पहिला शब्द निम्मा झाला असेल नसेल, तोच साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. “असू दे, असू दे, त्रास घेऊ नका,” म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्या दिवशी प्रथमच ती ढसाढसा रडली. फळे आम्ही शेजारी वाटून टाकली.

७. सबब माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. शटर पाचला वर जावे. ज्यांना स्वखुशीने थांबायचे असेल त्यांनी थांबावे, बाकीच्यांना अडवू नये. पंखे चालू ठेवावेत, चादरी उडाल्या तर पुन्हा घडी घालू. शिबिर घ्यायचेच तर कामाच्या वेळेत घ्यावे, आणि डोके दुखते असे बाई सांगेल तर तिला तळ्यावर न नेता डॉक्टरकडे न्यावे. यात कंपनीला अवघड असे काही नाही. एवढे आधीच केले असते तर मला हा अर्ज लिहावा लागला नसता आणि माझी वहिनी आज मला टॉवेलावरून शिव्या देत असती.

साहेबांना मात्र काढू नये. त्यांची बदली करू नये, त्यांनी राजीनामा दिल्यास तो घेऊ नये. हे नवे नियम त्यांनीच पाळून दाखवायचे आहेत. रोज पाच वाजता ते शटर त्यांनी स्वतःच्या हाताने उचलावे, शेवटची बाई बाहेर पडेपर्यंत धरून उभे राहावे, आणि आम्ही त्यांच्याकडे बघत बघत बाहेर जाऊ. असे त्यांच्या निवृत्तीपर्यंत चालावे.

८. शेवटची विनंती सुनावणीबाबत आहे. वहिनी स्वतः साक्ष देणार आहे. वाचा शिकवणाऱ्या बाई रोज येतात, त्यांच्यासमोर ती एकाच वाक्याचा सराव करते आहे. ते वाक्य मला ठाऊक आहे, पण मी ते इथे लिहीत नाही. ते तिचे आहे आणि साहेबांनी ते तिच्याच तोंडून ऐकायचे आहे. तिला वेळ लागेल. मध्ये कुणी शब्द पुरवू नये, कुणी “समजलं, समजलं” म्हणू नये. साहेबांना तिच्यासमोर बसवावे आणि वाक्य पुरे होईपर्यंत उठू देऊ नये, मग पाच वाजोत, सहा वाजोत, नाहीतर आठ.

आपल्या बोलावण्याची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
घडी विभागातील निलंबित कामगार,
खुलाशात जिचा उल्लेख आहे ती नणंद

दिनांक : १९ मार्च

सोबत : डॉक्टरांचा दाखला, फाटकावरून उतरवलेला फोटो, घडी घालून.