रद्दीत सापडलेली सीडी

तीर्थस्वरूप दादास नमस्कार.

मी खुशाल आहे, वेळेवर जेवते. आईला तेवढेच सांग.

ज्या गायक-गीतकाराच्या शेकडो गाण्यांपैकी एकही सोडले नाही असे तू मिरवतोस, त्याने हौसेने काढलेल्या एका रॉक बँडची सीडी मला आमच्या ग्रंथालयाच्या रद्दीत सापडली. आजवर ती कोणी नेलीच नाही. गाणी अप्रतिम आहेत.

ग्रंथालयाने ती ठेवून घ्यावी म्हणून मी तीन पानी अर्ज दिला. ग्रंथपाल म्हणाले, "बाई, निबंध नको. दोन वाक्यांत तोंडाने सांगा." माझ्या तोंडून शब्द फुटला नाही! शाळेतले पहिले क्रमांक आता काय चाटायचे आहेत?

रद्दी महिनाअखेरीस जाते. त्याआधी फोन कर. ती दोन वाक्ये तुला म्हणून दाखवते. हसलास तर बघ.

स्वतःवरच चिडलेली,
तुझी धाकटी बहीण